पल्ला : एका आकड्याचा इतिहास

अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. तिथल्या अँडरसन कॅरेज कंपनीने १९०७ साली विजेवर चालणाऱ्या मोटारी बनवायला सुरुवात केली. 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' या नावाने त्या विकल्या जात. बॅटरी एकदा पूर्ण भरली की गाडी ८० मैल, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर भरवशाने जाईल, असे कंपनी सांगत असे. पण एका चाचणीत हीच गाडी एका चार्जिंगवर २११ मैल, म्हणजे तब्बल ३४० किलोमीटर धावली.

आता शंभराहून अधिक वर्षे पुढे येऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये जनरल मोटर्सने एक बातमी जाहीर केली. त्यांचा विजेवर चालणारा सिल्व्हराडो पिकअप एका चार्जिंगवर १०५९ मैल, म्हणजे सुमारे १७०५ किलोमीटर गेला होता. हा प्रवासही डेट्रॉइट आणि आसपासच्या रस्त्यांवरच झाला. याच गाडीचा अधिकृत पल्ला मात्र ४९३ मैल, म्हणजे ७९३ किलोमीटर आहे. उलट, मागे मोठा ट्रेलर जोडून महामार्गावर निघालेले असे पिकअप जाहिरातीतल्या आकड्याच्या निम्मे अंतरही जात नाहीत, असे अमेरिकेतल्या मोटार-मासिकांना आढळले आहे.

एकाच जातीची गाडी कधी सांगितल्याच्या दुप्पट जाते, तर कधी निम्मीही जात नाही. मग खरा पल्ला कोणता? कंपन्या खोटे बोलतात असे म्हणून मोकळे होता येईल. काही वेळा ते खरेही असते. पण या आकड्याचा इतिहास पाहिला तर उत्तर इतके सोपे नाही, असे लक्षात येते.

हिशेब जुळवून पाहू

इतिहासात शिरण्याआधी नववी-दहावीच्या विज्ञानातला एक हिशेब करू. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन विरोधांवर मात करावी लागते. एक टायरांचा आणि दुसरा हवेचा. टायरांचा विरोध वजनावर अवलंबून असतो, वेगावर फारसा नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की हा विरोध चौपट होतो.

समजा, आपला पिकअप ३००० किलोचा आहे. त्याच्या वजनाचे बल सुमारे ३०,००० न्यूटन. टायरांचा विरोध त्याच्या शेकडा एक, म्हणजे ३०० न्यूटन धरू. पिकअपच्या उंच, रुंद आकाराला शोभेल असा हवेचा विरोध सेकंदाला १० मीटर वेगाला ९० न्यूटन धरू. हा वेग म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. सेकंदाला २० मीटरला, म्हणजे ताशी ७२ ला, तो ३६० न्यूटन होईल आणि ३० मीटरला, म्हणजे ताशी १०८ ला, ८१० न्यूटन. दोन्ही विरोधांची बेरीज अनुक्रमे ३९०, ६६० आणि १११० न्यूटन येते.

आता बॅटरीत १०० युनिट वीज आहे असे धरा. युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचेच युनिट, एक किलोवॉट-तास. एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल ऊर्जा असते, म्हणून १०० युनिटमध्ये ३६ कोटी ज्यूल झाली. या ऊर्जेला एकूण बलाने भागले की अंतर मिळते. ताशी ३६ ला सुमारे ९२० किलोमीटर, ताशी ७२ ला ५४५ आणि ताशी १०८ ला ३२४. मोटर, दिवे, हीटर यांत होणारा ऱ्हास आपण सोडून दिला आहे. तो धरला तर हे तिन्ही आकडे खाली येतील. पण मुद्दा स्पष्ट आहे. गाडी तीच, बॅटरी तीच. केवळ वेग बदलला आणि पल्ला तिपटीने बदलला.

डेट्रॉइट इलेक्ट्रिकचा सर्वाधिक वेगच ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास होता. २०२५ चा तो विक्रमी सिल्व्हराडोही ताशी ३२ ते ४० किलोमीटर वेगानेच चालवला गेला. जादा चाक काढून ठेवले होते, मागच्या हौद्यावर झाकण होते, टायरांत परवानगीच्या कमाल मर्यादेपर्यंत हवा होती, हवा गार-गरम करणारे यंत्र बंद होते आणि गाडीत चालकाशिवाय कोणी नव्हते. कंपनीने यातले काही लपवले नाही. तो विक्रम खराच आहे. पण असा पिकअप कोणी कामाला वापरत नाही.

रस्ता ठरलेला, ओझे ठरलेले

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेच्या मोटारी दुर्मीळ नव्हत्या. १९०० सालच्या औद्योगिक गणनेत त्या वर्षी बनलेल्या सुमारे ४२०० मोटारींपैकी दीड हजारांहून जास्त विजेच्या होत्या आणि पेट्रोलच्या हजारही नव्हत्या. शहरात घरोघर माल पोचवणाऱ्या विजेच्या मालगाड्याही पुढे बऱ्याच झाल्या. पल्ला कमी असूनही त्यांचे काम अडत नसे, कारण रोजचा रस्ता, रोजचे ओझे आणि रात्री परतण्याची जागा ठरलेली होती. इंग्लंडमध्ये दुधाच्या विजेच्या गाड्या याच कारणाने अनेक दशके टिकल्या. पहाटेची दुधाची फेरी किती किलोमीटरची आहे हे गवळ्याला पाठ असे. जाहिरातीतल्या आकड्याशी त्याला देणेघेणे नव्हते.

१९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला विजेवर चालणारा स्टार्टर बसला आणि पेट्रोलचे इंजिन हँडल मारून सुरू करण्याचा त्रास संपला. पेट्रोल स्वस्त होते, गावागावांना जोडणारे रस्ते होऊ लागले होते. विजेची मोटार मागे पडली आणि पल्ल्याचा प्रश्नही तिच्याबरोबर विसरला गेला.

धुरासाठी बनलेली चाचणी

तो परत आला वेगळ्याच वाटेने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजलिस शहरावर धुराचे दाट धुके साचू लागले. मोटारींचा धूर हे त्याचे मोठे कारण होते. कोणती गाडी किती धूर सोडते हे मोजायचे तर सर्व गाड्या एकाच पद्धतीने चालवायला हव्यात. म्हणून त्या शहरातल्या सकाळच्या रहदारीत गाडी फिरवून दर सेकंदाचा वेग नोंदला गेला. पुढे त्याचे एक ठरावीक चालन-चक्र बनवण्यात आले. लांबी १२ किलोमीटर, वेळ १३७२ सेकंद, सरासरी वेग ताशी ३१.५ किलोमीटर. गाडी रस्त्यावर न नेता प्रयोगशाळेतल्या रोलरवर उभी करायची आणि हे चक्र जसेच्या तसे चालवायचे. रोलरला जोडलेले डायनामोमीटर नावाचे यंत्र रस्त्याचा आणि हवेचा विरोध नक्कल करून निर्माण करते. १९७० मध्ये अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि १९७२ च्या गाड्यांपासून हे चक्र अधिकृत झाले.

१९७३ मध्ये तेलसंकट आले. आता धुराबरोबर इंधनाचाही हिशेब हवा झाला. शहरी चक्राच्या जोडीला महामार्गाचे चक्र आले. त्याचा सरासरी वेग ताशी ७८ किलोमीटर आणि कमाल ९६. आज हा वेग कमी वाटेल. पण त्या वेळी इंधन वाचवण्यासाठी अमेरिकेने महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली होती. ही मर्यादा १९९५ साली पूर्ण उठली, चक्र मात्र तसेच राहिले. शिवाय त्या काळच्या रोलरांना जोरदार वेगवाढ झेपत नसे, म्हणून शहरी चक्रातली वेगवाढही सौम्य ठेवलेली होती. यंत्राची मर्यादा अशा रीतीने मोजमापात शिरली.

लोकांचा अनुभव आणि चिठ्ठीवरचा आकडा जुळेना. मग १९८५ च्या गाड्यांपासून शहरी आकड्यात १० टक्के आणि महामार्गाच्या आकड्यात २२ टक्के कपात करायचे ठरले. २००८ च्या गाड्यांपासून आणखी तीन चाचण्या जमेस धरल्या गेल्या : ताशी १२९ किलोमीटरपर्यंतचा वेग, ३५ अंश सेल्सिअसला वातानुकूलन आणि उणे ७ अंशांची थंडी. विजेच्या गाड्यांच्या बाबतीत उत्पादकाला सोपा मार्गही उपलब्ध आहे. जुन्या दोन चक्रांवर मिळालेला पल्ला ०.७ ने गुणायचा. म्हणजे चिठ्ठीवरचा आकडा प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा आधीच ३० टक्क्यांनी कमी केलेला असतो. तरीही महामार्गावर तो बऱ्याचदा गाठता येत नाही, कारण महामार्गावर गाड्या आता ताशी ११० च्या पुढे धावतात. हवेच्या विरोधाचा वर्ग आपण वर पाहिलाच आहे.

पिकअपचे खरे काम

पिकअप म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. अमेरिकेत शेतकरी, सुतार, नळकाम करणारे, बांधकाम कंत्राटदार ती वापरतात. हौद्यात सामान टाकायचे आणि मागे ट्रेलर जोडून घोडे, बोट, यंत्रे किंवा राहण्याची गाडी ओढायची, हे तिचे काम.

कॅलिफोर्नियाने १९९० साली धूर न सोडणाऱ्या गाड्या विकण्याची सक्ती करणारा नियम केला. त्यातून शेव्हरोले एस-१० आणि फोर्ड रेंजर हे पिकअप विजेवर आले. १९९७ च्या एस-१० मध्ये शिसे-आम्लाची १६ युनिटची बॅटरी होती. ऊर्जेच्या हिशेबाने हे दोन लिटर पेट्रोलही होत नाही. हे पिकअप मुख्यतः सरकारी खाती आणि वीज कंपन्यांनी घेतले. त्यांच्या फेऱ्या ठरलेल्या होत्या. पुन्हा तीच दूधवाल्याची गोष्ट.

२०२२ साली फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग आला तेव्हा चित्र बदलले. आता सामान्य ग्राहकाला सांगितले जात होते की मोठ्या बॅटरीवर ही गाडी ३२० मैलांपर्यंत जाईल आणि योग्य साज घेतल्यास १०,००० पौंडांचा, म्हणजे साडेचार टनांचा ट्रेलर ओढेल. दोन्ही विधाने खरी होती. फक्त दोन्ही एकाच वेळी खरी नव्हती. अधिकृत चाचणीत गाडीच्या स्वतःच्या वजनात फक्त १३६ किलो वाढवतात, म्हणजे जेमतेम दोन माणसे. ट्रेलरची कोणतीही चाचणी त्यात नाही. इतकेच नव्हे, एका मर्यादेपेक्षा जड पिकअपना पल्ल्याची अधिकृत चिठ्ठी लावण्याचे बंधनही नव्हते. चार टनांचा हमर पिकअप त्यांतला एक.

२०२२ मध्ये 'मोटरट्रेंड' मासिकाने ३०० मैल पल्ल्याचा लाइटनिंग घेतला. त्यांच्या महामार्गावरच्या चाचणीत तो मोकळा असताना २५५ मैल गेला. मग राहण्याच्या तीन वेगवेगळ्या ट्रेलर-गाड्या जोडून पाहिल्या. सुमारे १४२५ किलोच्या ट्रेलरसह पल्ला ११५ मैल झाला, २३८५ किलोसह १०० आणि ३२७५ किलोसह ९० मैल.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. ओझे दुपटीहून जास्त वाढले, पण पल्ला ११५ वरून ९० वरच आला. मोठी घसरण पहिलाच ट्रेलर जोडताना झाली. असे का? आपल्याच हिशेबाकडे जाऊ. ताशी १०८ वेगाने जाणाऱ्या पिकअपमागे ३००० किलोचा, पण हवेला अजिबात न अडणारा ट्रेलर जोडला असे समजा. टायरांचा विरोध ३०० ने वाढून एकूण १४१० न्यूटन होईल आणि पल्ला ३२४ वरून २५५ किलोमीटरवर येईल. आता त्याच ट्रेलरला खोलीसारखी उभी भिंत आहे आणि त्यामुळे हवेचा विरोध दुप्पट होतो असे समजा. बेरीज २२२० न्यूटन, पल्ला १६२ किलोमीटर. म्हणजे बरोबर निम्मा. सपाट महामार्गावर ओझ्याच्या वजनापेक्षा त्याचा आकार जास्त महाग पडतो. चढावर आणि थांबत-थांबत चालताना वजनाची बाजू भारी होते.

पेट्रोलच्या पिकअपचा पल्लाही ट्रेलरमुळे पुष्कळ घटतो. मग त्याची एवढी चर्चा का झाली नाही? एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. लाइटनिंगची १३१ युनिटची मोठी बॅटरी म्हणजे साधारण साडेचौदा लिटर पेट्रोल. पेट्रोल-पिकअपची टाकी मात्र शंभर लिटरच्या घरात असते. इंजिन त्यातली तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत घालवते, तरी टाकी मोठी असल्याने आणि पाच मिनिटांत भरत असल्याने ही उधळपट्टी खपून जाते. विजेची मोटर काटकसरी आहे. काटकसरीच्या संसारात जादा खर्च लगेच डोळ्यांवर येतो, तसेच हे आहे. थंडीतही हाच प्रकार होतो. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पेट्रोल-गाडी फुकट ऊब देते, तर विजेच्या गाडीला ती बॅटरीतून द्यावी लागते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच विजेच्या मोटारी तपासल्या. उणे ७ अंशांना हीटर बंद असताना पल्ला सरासरी १२ टक्के घटला, हीटर लावल्यावर ४१ टक्के.

चूक कुठे, लबाडी कुठे

आकडा परिस्थितीवर अवलंबून असतो म्हणून कोणीही काहीही सांगावे, असा याचा अर्थ नाही. रोलरवर किती विरोध ठेवायचा हे ठरवण्यासाठी उत्पादक गाडी रस्त्यावर वेगात नेऊन मोकळी सोडतात आणि ती कशी मंदावते ते मोजतात. ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनी अशा अनेक फेऱ्यांची सरासरी घेण्याऐवजी सोयीच्या फेऱ्या निवडल्या, असे अमेरिकी संस्थेला आढळले. हे प्रकरण पेट्रोल-गाड्यांचे होते. २०१२ मध्ये त्यांना आपले आकडे खाली आणावे लागले आणि २०१४ मध्ये १० कोटी डॉलरचा दंड मान्य करावा लागला. थंडीत पल्ला किती घटतो हे जाहिरातीत न सांगितल्याबद्दल दक्षिण कोरियाने जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाला दंड केला. पहिल्या प्रकरणात मोजमाप वाकवले गेले होते आणि दुसऱ्यात मोजमापाच्या अटी गाळल्या गेल्या होते असे नियामकांचे म्हणणे होते. हे दोन वेगळे दोष आहेत आणि विद्यार्थ्यांना त्यांतला फरक सांगण्याजोगा आहे.

लाइटनिंगच्या बाबतीत शेवटी उत्पादकानेच मार्ग बदलला. विजेवरच चालणाऱ्या लाइटनिंगचे उत्पादन थांबवत असल्याचे फोर्डने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. पुढच्या गाडीत बॅटरी भरण्यासाठी सोबत इंजिनही असेल. यामागे किंमत आणि मागणी ही कारणे होतीच, पण लांबवर ओझे ओढण्याचा प्रश्नही होता.

आपल्याकडचा आकडा

पुण्याच्या टेकडीवरची 'एआरएआय' ही संस्था आपल्याला नावाने तरी माहीत असते. १९६६ साली स्थापन झालेल्या या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाच्या चाचणीतला पल्ला आपल्या जाहिरातींत दिसतो. आपले चालन-चक्र युरोपच्या जुन्या चक्रावरून घेतलेले आहे. त्याचा पहिला भाग शहरी, कमाल वेग ताशी ५०. दुसरा शहराबाहेरचा, कमाल वेग ९०. विजेच्या मोटारींचा पल्ला पूर्वी फक्त पहिल्या भागावर काढत. टाटा नेक्सॉनचा जाहीर पल्ला ३१२ किलोमीटर होता. तो मिळत नाही अशा तक्रारींवरून मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने या गाडीचे अनुदान थांबवले आणि उच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. २०२४ पासून दोन्ही भाग धरून पल्ला सांगितला जाऊ लागला. त्याच वर्षी आलेल्या टाटा कर्व्हच्या मोठ्या बॅटरीच्या गाडीचे तीन आकडे पाहा. पहिल्या भागावर ५८५ किलोमीटर, दोन्ही भागांवर ५०२ आणि प्रत्यक्ष वापरात बहुतेक ग्राहकांना मिळेल असा कंपनीनेच दिलेला अंदाज ४०० ते ४२५. यांतला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

'छोटा हत्ती' म्हणून ओळखला जाणारा टाटा एस २०२२ मध्ये विजेवर आला, तेव्हा त्याचा प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर होता. बाजार समितीतून भाजी नेणाऱ्या माणसाला विचारायचा प्रश्न हा की माझ्या ओझ्यासह, माझ्या घाटात, माझ्या उन्हात तो किती? गाडीच्या हप्त्याचे गणित याच उत्तरावर उभे असते. शंभर किलोमीटरची फेरी ऐंशीवर अडली तर तोटा चाचणी घेणाऱ्याचा होत नाही, त्याचा होतो.

वर्गात करून पाहण्याजोगे

मैदानावर एक रेघ आखा. एका विद्यार्थ्याने ठरलेल्या वेगाने सायकल रेघेपर्यंत आणावी आणि पायडल मारणे थांबवावे. सायकल कुठवर जाते ते मोजा. मग टायरांतली हवा थोडी कमी करून, छातीशी पुठ्ठ्याचा मोठा तुकडा बांधून, आणि वाऱ्याच्या दिशेने व विरुद्ध दिशेने मोजा. डबलसीट बसल्यावर सायकल त्याच वेगावरून बहुधा जास्त दूर जाईल. मुलांना याचे नवल वाटेल. पण त्या वेगापर्यंत पोचायला पायडल मारणाऱ्याने जास्त ऊर्जा खर्च केली होती, हे त्यांच्याकडूनच काढून घ्या. दहा फेऱ्या झाल्या की विचारा, 'आपल्या सायकलचा पल्ला किती' असे फळ्यावर लिहायचे तर कोणता आकडा लिहाल? सर्वांत मोठा, सरासरी, की सर्वांत लहान? आणि त्याच्यापुढे आणखी काय लिहाल?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी दिले की धडा झाला. वेग, ओझे, वारा, तापमान यांच्याशिवाय लिहिलेला पल्ला म्हणजे एककाशिवाय लिहिलेले उत्तर. परीक्षेत आपण अशा उत्तराचे गुण कापतो. जाहिरात वाचतानाही तीच सवय ठेवायला हवी.